थनैला न होणारी गाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सुमनमावशीला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

इकडे परराज्यात, कुरुद गावाच्या बाजूला गाईंना कृत्रिम रेतन करायचं माझं काम. मावशी मूळची विदर्भातली, आमच्याच बोलीची. नवरा इथल्या पोलादाच्या प्लांटमधून रिटायर होऊन वारलेला, घरामागच्या शेडमध्ये एकच गाय. त्या गाईला सारखा थनैला व्हायचा — कासेला सूज, दुधात गाठी, दोन सड कायमचे गेलेले.

"हिच्या पोटची तरी चांगली निघावी," मावशी म्हणाली. शेजारच्या चार बायका उभ्या होत्या. त्याच सकाळी मी मोबाईलवर वाचलं होतं — परदेशात जीन बदलून गाय बनवली, तिच्या दुधातच असं काही येतं की कासेचा रोग धरत नाही. गप्प बसता आलं नसतं का? मी ते सगळं सांगितलं आणि हातातली वीर्याची कांडी वर धरली. "हे त्याच जातीचं हाय मावशी. कालवडीले थनैला होणारच नाही."

साधी जर्सीची कांडी होती ती. तसली आपल्याकडे मिळतच नाही. मग का बोललो? त्या बायकांनी मोठ्या डॉक्टरकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं — एवढ्यासाठी.

कालवड झाली, वाढली, तीनेक वर्षांनी व्याली. दूध काढल्यावर मावशी आधीच्या गाईचे सड औषधात बुडवायची. "हिले तर गरज नाही ना?" तिनं विचारलं. मी मान हलवली. नाही म्हणून.

मग तिचा फोन आला. "एक सड गरम लागून राहिला रे. दुधात गाठी येऊन राहिल्या."

मी हुडको कॉलनीत चहा पीत होतो, दहा मिनिटांवर. तेव्हाच डॉक्टरला घेऊन गेलो असतो तर बहुतेक गाय वाचली असती. पण जाणं म्हणजे कबूल करणं. "हिले होत नाही मावशी, गरमी असंल," म्हणालो आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी तिचे तीन फोन आले. मी — उचलले नाहीत.

चौथ्या दिवशी गेलो. गाय उठत नव्हती. कास निळी, हाताला थंडगार. डॉक्टर आला, उशीर झाला म्हणाला. दुपारी गाय गेली.

आणि आता जे सांगतो, त्याची मला आजही चीड येते. त्याच बायका जमलेल्या. एक म्हणाली, "हिले तर होणार नव्हता ना?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीवरच्या शेणाकडे बोट केलं आणि मावशीवर ओरडलो, सगळ्यांसमोर — "एवढी घाण ठेवल्यावर जात काय करंल? हात तरी धूत होती का तू?"

दिवसातून दोनदा शेड धुणारी बाई ती. ते शेण त्या मरणाऱ्या गाईचं होतं, तासाभरापूर्वीचं. मला कळत नव्हतं? सगळं कळत होतं.

पंधरा दिवसांनी मावशी माझ्या घरी आली, दारातच उभी राहिली.

"इतकी चांगली गाय देल्ली तुनं. मलेच सांभाळता नाही आली. माफ कर बाबा."

आणि मी तिला माफ केलं. म्हणालो, "जाऊ दे मावशी. होते चूक."