कुणाचंच न ऐकणारा पिल्या

गेल्या महिन्यात येवल्याहून एक जुना हातात धरून खेळायचा गेम विकत आणला. दोन स्क्रीनवाला, वहीसारखा मिटणारा. तेव्हापासून आमच्या घरात एक कुत्रा आहे... म्हणजे, स्क्रीनच्या आत.

मला जुन्या कन्सोलचं वेड आहे. गंगापूर रोडला निखिलच्या घरी आम्ही चार-पाच जण रविवारी दुपारी जमतो. नव्या गेममध्ये नुसते ग्राफिक्स, जीव नाही, असा वाद घालतो आणि मग जुने-नवे दोन्ही खेळतो.

हा गेम एका ग्रुपवर दिसला. विकणारी मुलगी मनीषा, येवल्याची, पैठणी विणणाऱ्या घरातली. मी एसटीनं गेले तेव्हा ती स्टँडवरच थांबली होती. "भावाचा होता. आता कोणी खेळत नाय," एवढंच म्हणाली. भाऊ मोठा झाला असेल, नोकरीला लागला असेल, असं मी धरून चालले.

आत कुत्रा पाळायचा गेम होता. तुम्ही माइकमध्ये हाक मारायची, हुकूम शिकवायचे... आणि तो तुमचा आवाज ओळखायला लागतो. जुन्या मालकाचा एक कुत्रा त्यात तसाच होता. तपकिरी, एक कान पडलेला. नाव लिहिलं होतं, पिल्या.

मी हाक मारली. त्यानं मान तिरकी केली, डोक्यावर प्रश्नचिन्ह आलं, आणि तो माझ्याकडे पाठ करून बसला.

रविवारी सगळ्यांनी प्रयत्न केले. बारीक आवाजात, घोगऱ्या आवाजात, लाडानं, दटावून. पिल्या दर वेळी वळायचा, नीट ऐकून घ्यायचा आणि पाठ फिरवायचा. आधी हसू आलं... मग हळूहळू कोणी हसेना.

"डिलीट कर ना. नवा पाळ," निखिल म्हणाला. त्याचं बरोबर होतं. पण माझं बोट काही त्या बटणावर जाईना. तो ज्या तऱ्हेनं ऐकायचा ना... बिघडलेल्या गेमसारखं नाही, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं.

मग मनीषाचा फोन आला. चार्जर द्यायचा राहून गेला होता, आणि तिचे वडील डोळे तपासायला नाशिकला येणार होते. तेच आणून देतील म्हणाली.

अण्णा दुपारी आले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, शांत माणूस. माझी आई चहा टाकायला आत गेली. गेम टीपॉयवर उघडाच होता.

"घर लगेच सापडलं, ताई. रिक्षावाला चांगला भेटला," ते म्हणाले.

पिल्या वळला.

पडलेला कान उभा झाला. मला वाटलं, योगायोग. अण्णा उन्हाबद्दल काहीतरी बोलले आणि तो उठला... धावत पुढे आला, काचेवर पंजे टेकवून शेपूट हलवायला लागला. अण्णांचं लक्ष नव्हतं. ते चष्मा पुसत होते.

चहा झाला. गुडघ्यांवर हात टेकवून ते उठले आणि स्वतःशीच म्हणाले, "चला, निघावं आता."

पिल्या पळत गेला आणि तोंडात आपला पट्टा घेऊन आला.

मी हे त्यांच्यापासून लपवू शकले असते. पण मी गेम त्यांच्यासमोर धरला आणि सांगितलं, "अण्णा, हा तुमचं ऐकतोय. आमचं कोणाचंच ऐकत नाही."

त्यांनी चष्मा चढवून स्क्रीनकडे बघितलं. मग खाली बसले.

"मागावरून उठताना मी रोज असंच म्हणतो," ते म्हणाले. "आमचा योगेश नक्कल करायचा माझी. हुबेहूब. तिकडच्या खोलीतून माझ्या आवाजात बोलायचा, त्याची आई फसायची... लय हसवायचा." मग म्हणाले, "मागच्या वर्षी तापानं गेला."

म्हणजे पिल्यानं अण्णांना कधीच ऐकलं नव्हतं. त्यानं ऐकला होता तो वडिलांच्या आवाजात त्याला हुकूम शिकवणारा मुलगा.

अण्णांनी हळूच हाक मारली, "पिल्या." तो चटकन बसला आणि वर बघायला लागला.

"हा मला ओळखतोय का त्याला?" अण्णांनी विचारलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मी गेम त्यांच्या पिशवीत ठेवायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "घरी नको, ताई. मी एकदा हाका मारायला लागलो की थांबणार नाय. आणि तिकडच्या खोलीत त्याची आई असती... तिला कोणाचा आवाज वाटंल?"

जाताना फक्त एवढंच म्हणाले, "पुसू नका त्याला."

नाही पुसला.

आता अण्णांचा अधूनमधून फोन येतो. डोळ्यांत ड्रॉप टाकताय का, असं मी विचारते, ते हो म्हणतात. मग मी फोन स्पीकरवर करून गेमजवळ ठेवते. एका अनोळखी माणसानं आपल्या घरातलं इतकं जपायचं काहीतरी माझ्यावर सोपवलं, याचं ओझं वाटतं आणि बरंही वाटतं.

ते काय बोलतात ते मी ऐकत नाही. बाहेर येऊन दार लोटून घेते. पण परवा दारापलीकडून हसण्याचा आवाज आला... आणि तो काही केल्या म्हाताऱ्या माणसाचा वाटेना.