हीटरची स्वतंत्र तार

रियाधमधल्या आमच्या घरी, दुरुस्तीसाठी काढलेल्या गार स्वयंपाकघरात जादा हीटर कुठे बसवावा, हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर मला तिथल्याच एका रत्नागिरीकर वायरमनने दिले. त्याचे नाव विचारायचे राहून गेले.

तो चपला काढून लादीवर अनवाणी फिरला आणि ओट्याच्या कोपऱ्यात, सिंकपासून दूर थांबला. "इथं खाली बसवूया, ताई. थंडी आधी पायांना कळते."

"एक्स्टेन्शनवर चालेल ना?"

"चालेल की! घर पेटलं की ऊबच ऊब."

त्याने मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तार ओढून सॉकेट बसवला. अर्धा तास हीटर चालवून प्लगला हाताची मागची बाजू लावली. प्लग गार होता.

"सौदीकरणात माझी जागा इथल्या माणसाला गेली," तो प्लगकडे पाहतच म्हणाला. "महिनाअखेरीस इकामा, राहायचा परवाना, संपतो. एकवीस वर्षं हेच काम केलं. आता सांगा ताई, रत्नागिरीत हीटर कोण लावतो?"

 मी चहा दिला. तो त्याने उभ्यानेच घेतला.

हिवाळ्यात माझे पाय आता उबदार असतात. तो कुठे आहे, मला ठाऊक नाही. तुमच्याकडे हीटर असेल, तर अर्ध्या तासाने प्लगला हाताची मागची बाजू लावून तो गार आहे ना, हे स्वतः तपासा.