बशीतले ठिपके आणि बाबांचा सीटी स्कॅन

परळच्या एका प्रयोगशाळेत मी काम करते. उंदराच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांना किरणांचा अगदी छोटा डोस द्यायचा आणि काही आठवडे वाट बघायची. निरोगी पेशी शेजारणीला टेकल्या की वाढायच्या थांबतात. एखादी बिघडून कॅन्सरच्या वाटेला लागली की ती थांबत नाही; एकीवर एक चढत तिथे ढीग होतो. रंग लावला की तो गडद ठिपक्यासारखा दिसतो. असे ठिपके मोजणं हे माझं काम.

हे मी घरी हौसेने सांगायचे आणि तेच अंगाशी आलं. बाबांचा खोकला हटेना, एक्स-रेत डाग दिसला, डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला. बाबांनी साफ नकार दिला.

"माका नको ता. तूच सांगलंस मा, किरणांनी पेशीतलो डीएनएचो धागो तुटता म्हणान?"

"आणि पेशी तो परत जोडते, हेही सांगितलं होतं."

"ता मी ऐकूक नाय."

"टीव्ही बंद करून ऐकत होतात की!" आई आतून म्हणाली.

सुदैवाने त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत घरच्यांना बोलावण्याचा दिवस होता. बाबा गिरणीत कापड तपासायचे. ताग्यातला डाग त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मी रंगवलेल्या बश्या त्यांच्यापुढे ठेवल्या. वर फक्त क्रमांक होते. कुठल्या बशीला किती डोस, ते माहीत नसताना मोजायचं, म्हणजे मन फसवत नाही. माझं मोजून झालं होतं.

बाबा चष्मा कपाळावर चढवून वाकले. एकेक बशी बघून झाल्यावर म्हणाले, "बघ गो हय. ह्यो एक तू सोडलंस."

मी मान्य करेना. आमच्या मॅडमनी बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि हसल्या. "काकांचं बरोबर आहे. हा धरायला हवा."

मी ओशाळले. बाबा मात्र एकदम खुलले.

मग मॅडमनी डोसची यादी उघडली. मोठा डोस दिलेल्या बश्यांत ठिपकेच ठिपके होते. छोट्या डोसच्या बश्या मात्र काहीच डोस न दिलेल्यांपेक्षा वाईट नव्हत्या. उलट ठिपके किंचित कमीच. आणि बाबांनी शोधलेला ठिपका किरण न दिलेल्या बशीतला निघाला.

"मगे ही बिघडली कशी?"

"आपोआप," मी म्हटलं. "धागे रोजच तुटतात, बाबा, किरणांशिवायही. बहुतेक नीट जोडले जातात, एखादा चुकतो. थोड्या किरणांनी दुरुस्तीचं काम जोरात सुरू होत असेल, असा आमचा अंदाज आहे. अजून खात्री नाही."

"सीटीचो डोस खंयच्या बशीसारखो?"

"छोट्या," मॅडम म्हणाल्या. "पण काका, बशी म्हणजे माणूस नाही. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. तो डाग कसला हे न कळणं मात्र जास्त धोक्याचं."

बाबांनी मान हलवली. दोन दिवसांनी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्कॅनला आले. ते आत गेले आणि मी बाहेर बाकावर बसले. इतक्या बश्या मोजलेली मी, पण त्या वेळी एकही आकडा धीर देईना. ते बाहेर आले ते भूक लागली म्हणतच.

डाग जुन्या टीबीचा निघाला, कधीच भरून आलेला. आम्हाला कुणाला तो झाल्याचंही माहीत नव्हतं! खोकला पित्ताचा होता, गोळ्यांनी गेला.

आता डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत बाबा सांगत सुटलेत की थोडे किरण अंगाला बरे असतात. परवा खालच्या मजल्यावरचे काका मला जिन्यात अडवून विचारत होते, "गुडघ्याचा एक्स-रे उगाच काढून ठेवू का?" मी त्यांना पायरीवर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं.