उघड्या डोळ्यांची झोप

आमच्या भाऊजींना अख्खा तलाव डुलकीकाका म्हणायचा, आणि गंमत अशी की हा माणूस कामावर कधी क्षणभरही झोपला नव्हता.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. काचेच्या छपराखालच्या तरण तलावावर जीवरक्षक. मी त्याच तलावाच्या तिकीट खिडकीत बसते. पाठीमागे मोठी काच आहे, तिच्यातून पाणी दिसतं आणि पाण्यापलीकडे त्यांची उंच खुर्ची. पुढे बघितलं की गिऱ्हाइकं, मागे वळलं की भाऊजी. घरातल्या माणसाचं तोंड नोकरीतही दिवसभर बघायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये, असं मी त्यांना ऐकवायचे. ते म्हणायचे, मेव्हणीबाई, मी तर तुमच्याकडे पाठ करून बसायला तयार आहे, पण मग लोक बुडतील.

त्यांच्या पापण्या मुळातच जड. वरची कातडी ओघळून पार पापण्यांच्या केसांवर टेकलेली. वडिलांचेही डोळे तसेच होते म्हणे. वय वाढलं तशी कातडी आणखी खाली आली, आणि खुर्चीत बसले की बघणाऱ्याला वाटायचं, लागली यांची समाधी. पण उरलेल्या फटीतून त्यांना सगळं दिसायचं. आरडाओरडा करणाऱ्याकडे ते सावकाश जायचे आणि अचानक गप्प झालेल्याकडे धावायचे. एकदा एका बाईंच्या पायात गोळा आला, तर त्यांनी हात वर करायच्या आत भाऊजी पाण्यात होते. बाई नंतर मला विचारत होत्या, अहो, ते तर झोपले होते ना?

ताईचं लग्नही त्या डोळ्यांनीच जमवलं. पहिल्या भेटीत ती तासभर बोलली आणि समोरचा माणूस पेंगतोय म्हणून फणकाऱ्याने उठायला निघाली. तेव्हा भाऊजींनी तिचं सगळं बोलणं, तिच्या वर्गातल्या मैत्रिणींच्या भांडणासकट, तिला परत सांगितलं. इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं, असं ताई अजून म्हणते. आमच्या घरात तर कुणीच ऐकत नाही, हे मी कबूल करते.

मग कुणीतरी त्यांचा फोटो काढला. खुर्चीत भाऊजी, मिटल्यासारखे डोळे, खाली पाण्यात मुलं. तो गावभर फोनवरून फिरला. आमचे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांना वरून फोन आला की ते खाली फोन करतात, एवढंच. त्यांनी भाऊजींना बोलावून सांगितलं, की तुम्ही जागे असता हे मला माहीत आहे, पण तसं दिसायला नको का? पुन्हा तक्रार आली, तर तुम्हाला कपाटांच्या किल्ल्या वाटायला बसवावं लागेल. भाऊजी माझ्या तिकीट खिडकीच्या खोलीत येऊन बसले. चहा पुढे ठेवला तो तसाच निवला. त्यांचं आयुष्य त्या खुर्चीत होतं. घरी ते पाहुण्यासारखे वागायचे, पाण्याकाठी मालकासारखे.

परदेशात पापण्यांची शस्त्रक्रिया करून मिळते, राहण्याची सोयही तेच करतात, अशी जाहिरात त्यांना फोनवर दिसली आणि त्यांनी मनावर घेतलं. ताईने आदळआपट केली. मी त्या डोळ्यांकडे बघून हो म्हटलंय, तुम्ही मला न विचारता त्यांना कात्री कशी लावता, असं तिचं म्हणणं. पण शेवटी पदरचे पैसे घालून तीही सोबत गेली.

तिथे काय झालं ते भाऊजींनी मला फार पुढे सांगितलं, आणि तेही खाली बघत. डॉक्टरांनी आरशासमोर बसवून पापणीवर शाईने रेघ काढली, इथून इथवर काढू म्हणाले. दुभाषी मुलगी मधे उभी होती. आणि आमच्या या शहाण्या माणसाने, न्हाव्याला सांगावं तसं, सांगितलं की थोडं अजून काढा, परत परत इतक्या लांब कोण येणार. डॉक्टर हसले. रेघ थोडी वर सरकली.

"न्हाव्याने ऐकलं तर केस परत येतात, भाऊजी," मी म्हणाले.

"आता कळून काय उपयोग," ते म्हणाले. मला त्या डॉक्टरचा असा संताप आला होता की तो समोर असता तर मी त्याला तिकीट काढूनही आत सोडलं नसतं.

परत आले तेव्हा आधी काळा चष्मा होता, मग सूज उतरली आणि आतून वेगळेच डोळे निघाले. मोठे, गोल, टक्क उघडे. मुलांनी आधी ओळखलंच नाही. साहेब खूश झाले, दारातल्या पाटीवर भाऊजींचा नवा फोटो लागला. लोक येता-जाता सांगायला लागले, आता कसं जागरूक वाटतं. एक बाई आपल्या लहान मुलीला दुसऱ्या जीवरक्षकाच्या वेळेत आणायच्या. त्यांनी मुद्दाम वेळ बदलून घेतली. यांच्या नजरेखाली पोरगी असली की मी निर्धास्त असते, असं त्या मला खिडकीत सांगून गेल्या. भाऊजींना ते सांगितलं, तर सरळ बसले आणि टोपी नीट केली. इतक्या वर्षांत त्यांचं कौतुक कुणी केलं नव्हतं, ते आता झालं, आणि तेही ज्या डोळ्यांनी सगळं काम केलं ते घालवल्यावर.

कारण हे नवे डोळे मिटतच नव्हते. कितीही आवळले तरी खाली नखाएवढी फट राहायची आणि तिच्यातून पांढरं दिसायचं. दिवसभर आग, पाणी, लाली. क्लोरीनच्या वाफेत तर विचारूच नका. ताई रोज झोपताना मलम घालून पापण्यांवर पट्टी चिकटवायची, आणि सकाळपर्यंत ती उशीला चिकटलेली असायची. परदेशातल्या दवाखान्यात फोन केला की गोड आवाजात उत्तर यायचं, सूज आहे, धीर धरा. पुढे तर तो गोड आवाजही फोन उचलेनासा झाला. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की कातडी जास्त गेली आहे. कानामागची काढून लावता येईल, पण पहिल्यासारखं होईल असं समजू नका, आणि तोवर तलावापासून लांब राहा. हे भाऊजींनी साहेबांना सांगितलं नाही. मी आणि ताई दोघी भांडलो. त्यांचं एकच, मग खुर्ची सोडायलाच केलं का मी हे सगळं?

दुपारी पाणी रिकामं असलं की ते माझ्याकडे चहाला यायचे आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून बसायचे. अंधार मिळत नाही गं, म्हणायचे. झोप लागते, पण खोली आत शिरते. पंखा फिरतोय तो स्वप्नातही फिरतो, फक्त पाण्याखाली. पडदा हलला की तळाशी लांब हिरवं गवत हलतं. ताई कपड्यांच्या घड्या घालत असते ती पाण्यावरून चालत येते, हातात घड्यांचा ढीग, पाय ओले नाहीत, आणि त्यांना सांगत असते की उठा, तुमची कामाची पाळी सुरू झाली. ते उठायला जातात तर खुर्ची इतकी उंच झालेली असते की खालचं पाणी आभाळाएवढं दिसतं. भिंतीवरचं घड्याळ माशासारखं हळूच वळून निघून जातं. हे सगळं ते इतक्या निवांत आवाजात सांगायचे की मी तिकिटं फाडायची विसरायचे. मला ती स्वप्नं आवडायची, खोटं कशाला बोलू. सकाळी भाऊजी आले की मी आधी काल काय पाहिलं ते विचारायचे.

एका सुटीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. भाऊजी सोफ्यावर, तोंड माझ्याकडे, डोळे अर्धे उघडे. मी पर्स ठेवली आणि घरमालकाशी झालेलं माझं भांडण तपशिलात सांगायला घेतलं, त्याच्या नकला करून. ते हूं की चूं करेनात. मला वाटलं, रागावलेत. तेवढ्यात ताई आतून आली आणि म्हणाली, कुणाशी बोलतेस, झोपलेत ते. मी जवळ जाऊन वाकून बघितलं. बुबुळ हळूहळू सरकत होतं, कशाच्या तरी मागोमाग, आणि ते जे काही होतं ते खोलीत नव्हतं. मी आधी हसले. मग स्वयंपाकघरात गेले आणि मला रडू आलं.

तो दिवस आला तेव्हा उन्हाळी दुपार होती. छपरातून ऊन पाण्यात उतरत होतं आणि पाण्यावरून उठून छताला, खांबांना, भाऊजींच्या सदऱ्याला जाळीसारखं हलत होतं. सगळे आवाज लांबून आल्यासारखे येत होते. पोहणारे थोडेच. वेळ बदलून घेतलेल्या त्या बाई बाकावर फोन घेऊन बसल्या होत्या, मधेच मान वर करून खुर्चीकडे बघायच्या आणि परत फोनमध्ये जायच्या. साहेब दोन पाहुण्यांना तलाव दाखवत होते. त्यांनी खुर्चीकडे बोट केलं, पाहुण्यांनी माना डोलावल्या. भाऊजी ताठ बसले होते, डोळे सताड उघडे.

मी काचेतून कप उंचावला. चहाची आमची ती खूण. बाकी काही नाही तरी ते टोपीला हात लावायचे. लावला नाही. मी काचेवर टकटक केलं. तेवढ्यात उन्हाची ती जाळी सरकत सरकत त्यांच्या चेहऱ्यावर आली, गालावरून वर गेली, थेट डोळ्यात शिरली. त्यांनी डोळे बारीक केले नाहीत, मान फिरवली नाही. ते त्या उजेडाच्या पलीकडे कुठेतरी शांतपणे बघत राहिले, आणि मला तो सोफा आठवला.

गल्ला उघडा टाकून मी धावले. चपलांसकट. ओल्या फरशीवर एकदा घसरले, उठले. खोल बाजूला ती लहान मुलगी कठडा सोडून एकटीच पलीकडे निघाली होती, पहिल्यांदाच, आणि मधे पोचल्यावर तिचे हात मंद झाले होते. ती ओरडत नव्हती. मी खुर्चीपर्यंत जाऊन भाऊजींचा पाय ओढला.

ते दचकले नाहीत. फार लांबून यावं तसे आले. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "किती स्वच्छ आहे बघ पाणी. तळाचं सगळं दिसतंय." मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी मान वळवून पाण्याकडे बघितलं, आणि मी बोट करायच्या आत ते पाण्यात होते.

पोरगी घाबरलीसुद्धा नव्हती. त्यांनी तिला काखेत धरून काठावर बसवलं, तिला वाटलं खेळच आहे. पण ते स्वतः काठ धरून पाण्यातच राहिले. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसून हळू आवाजात म्हटलं, कुणाला कळलेलं नाही, भाऊजी, तोंड धुवा आणि घरी चला, बाकीचं मी बघते.

त्यांनी ऐकलं नाही. वर आले आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं. लोक कुरकुरत काठाशी गोळा झाले, साहेब पाहुण्यांना तसंच सोडून आले. भाऊजी पाणी निथळत मधे उभे होते. लहान मुलाने शाळेत उभं राहावं तसे.

"मी झोपलो होतो," ते म्हणाले.

मग एकजण हसला. साहेब म्हणाले, अहो, काहीतरीच काय, आम्ही सगळे इथेच होतो, पाहुण्यांनीही बघितलं. एकाने समजूत घातली की उन्हाने चक्कर आली असेल, बसा जरा. त्यांना कुणालाच ते खरं वाटेना, आणि भाऊजी हात पुढे करून पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले.

मुलीची आई, त्या बाई, टॉवेल घेऊन पुढे आल्या. त्यांना भाऊजींची दयाच आली असावी. "असं कसं म्हणता, काका," त्या म्हणाल्या. "मी सारखी तुमच्याकडे बघत होते. डोळे चांगले उघडे होते तुमचे."

"म्हणून तर तुमच्यातल्या कुणी मला उठवलं नाही," भाऊजी म्हणाले.

बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा खोल बाजूकडे. मग त्या ओल्या फरशीवरच खाली बसल्या आणि त्यांनी मुलीला घट्ट जवळ ओढलं. मुलगी म्हणत होती, आई, सोड ना, मला परत पाण्यात जायचंय.