दहा बोटांचं अनुदान

आरोग्य-संशोधनात नुकतीच पावलं टाकणाऱ्यांना शिकण्यासाठी छोटं प्रवास-अनुदान मिळतं. माझं इतकं छोटं होतं, की बल्लारपूरपर्यंतच्या गाडीत मी आणि माझी बॅग यांपैकी एकालाच बसता आलं. बॅगेत काचेच्या पट्ट्या होत्या, म्हणून मी उभा राहिलो.

अट एकच. आलापल्लीच्या पलीकडच्या एका जंगलगावात पाच दिवस राहायचं, तिथल्या आशाताईंकडून (गावच्या आरोग्य-स्वयंसेविकेकडून) हिवतापासाठी रक्तनमुना घ्यायला शिकायचं आणि 'शिकला' अशी त्यांची सही आणायची. सही नाही, तर याच भागातला माझा पुढच्या वर्षीचा अभ्यास रद्द. तोवर मी हजारो रक्तनमुन्यांवर काम केलं होतं, पण संगणकावर. रक्त दिसलं की मला घेरी येते, हे मी अर्जात लिहिलं नव्हतं. तसा रकानाच नव्हता.

बल्लारपूरहून एसटी धरली. सागवानाचं जंगल लागलं आणि झाडं एवढी उंच झाली, की शेंडे बघणाऱ्यांना कंडक्टरने मान सांभाळायला सांगितलं. एका खड्ड्यात बस उतरली, ती वर आली तेव्हा माझी दाढी वाढलेली होती.

थांब्यावर मैनाबाई, म्हणजे आशाताई, छत्री घेऊन उभ्या होत्या. त्यांनी घरी नेऊन भात आणि वास्त्यांची (बांबूच्या कोवळ्या कोंबांची) भाजी वाढली. मी तीनदा घेतली, चौथ्यांदा पातेलंच जवळ ओढलं. मग त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले.

"इथी एक नेम हाय सर. ज्याले टोचाचं हाय, तो आधी टोचणाऱ्याले टोचते."

मला वाटलं, गंमत करतात. त्यांनी आपली बोटं दाखवली. त्यांवर इतके ठिपके होते, की त्यातून चहा गाळता आला असता. सुई दर वेळी नवी, बोट मात्र आपलं. गावाला हिशेब पटला होता.

चार दिवसांत माझी नऊ बोटं गेली. तान्ह्या बाळाच्या वतीने आजीने टोचलं, आणि अंगणातला कोंबडाही रांगेत उभा होता असं मला आठवतं. मी दर वेळी डोळे मिटून बोट पुढे करायचो, आणि डोळे मिटलेला माणूस दुसऱ्याला काय टोचणार? नमुने मैनाबाईच घेत होत्या.

शेवटी राहिले दसरूबाबा, गावचे भूमिया (गावातले मानाचे वडीलधारे). तीन दिवस ताप अंगात, पण सुई पाहिली की बाबा मागच्या दाराने शेतात. मैनाबाईंना त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं.

"बाबाचं रक्त तुम्ही घ्याल, तं मी सही करतो," मैनाबाई म्हणाल्या.

बाबा घोंगडी पांघरून ओट्यावर कुडकुडत बसले होते. नेमाप्रमाणे त्यांनी माझं उरलेलं दहावं बोट धरलं आणि टोचलं. या खेपेला माझे डोळे उघडेच राहिले. थेंब दिसला, ओटा फिरला, आणि मी थेट अंगणात.

वर पाहिलं तर तापातला म्हातारा घोंगडी सांडेपर्यंत हसत होता.

"काऊन पडून राह्यला बाबू? आता तं माह्यी पाळी हाय."

मग ते सावकाश ओट्यावरून उतरले, माझ्या शेजारी जमिनीवर बसले आणि आपलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "घे. तुह्यापेक्षा मी बरा."

पडल्या पडल्या घेतलं मी. झोपलेल्या माणसाला पडायला कुठे जागा असते? थेंब पट्टीवर नीट पसरला. दुसरा थेंब किटवर टाकला आणि थोड्या वेळाने दोन रेघा उमटल्या. हिवतापच. मैनाबाईंनी तिथेच पहिला डोस दिला. दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा बाबांना ताप होता, पण गोळीच्या कडूपणाला शिव्या देण्याइतकी ताकद आली होती.

मैनाबाईंनी फॉर्मवर सही केली. शेऱ्यात लिहिलं, 'हात चांगला आहे. माणूस आधी खाली बसवावा.'

परतल्यावर समितीने शेरा वाचला आणि अभ्यास मंजूर केला. सामानाच्या यादीत सुया, पट्ट्या, किट आणि एक चटई होती. चटई रुग्णासाठी का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही. रुग्णाला ओटा आहे."