सहाव्या भागातला पहारेकरी

केडगावात माझं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. पुढे सीडी आल्या, मग डीव्हीडी. आता मी मोबाईलची कव्हरं विकतो. या सगळ्या काळात एक गिऱ्हाईक असं होतं, की ज्याने माझ्याकडून कधी काही नेलं नाही आणि येणंही सोडलं नाही. आधी गहिनीनाथ यायचे. ते गेल्यावर त्यांची बायको बनुबाई.

दोघं खर्ड्याचे. जमीन कोरडवाहू, म्हणून दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. लेक सुरेखा केडगावात दिलेली, त्यामुळे वर्षातून एक-दोनदा इकडे फेरी व्हायची. गहिनीनाथांचा आवाज मोठा दांडगा. पावसाळ्याअखेर बाजरी दाण्यात आली की शेतातल्या माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायचे, ते ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू जायचं.

ब्याण्णव साली मुंबईची मंडळी एका ऐतिहासिक मालिकेचं चित्रीकरण करायला खर्ड्याच्या किल्ल्यात आली. पहारेकऱ्याचं काम करणाऱ्या नटाचा घसा बसला. बघ्यांमधल्या चार-पाच जणांना ओरडून दाखवायला सांगितलं, आणि गहिनीनाथांना अंगरखा चढवून तटावर उभं केलं. "कोण हाय रं तिकडं? जागचा हलू नगं!" एवढंच वाक्य. 'हाय'चं 'आहे' करून बघितलं, पण ते काही जमेना. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, राहू द्या, हेच खरं वाटतंय.

पुढच्या हिवाळ्यात मालिका टीव्हीवर लागली, तेव्हा दोघं कोल्हारच्या शिवारात ऊस तोडत होते. सहावा भाग लागायचा त्याच संध्याकाळी ऊस भरायला ट्रक आला आणि मुकादमाने सोडलं नाही. गावाने बघितलं, भावकीने बघितलं. "लई भारी वरडलास," असं सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी स्वतः काही ते बघितलं नाही.

तेव्हापासून ते माझ्या दुकानात यायचे. "सुनीलभाऊ, आमच्या मालिकेची कॅसेट निघाली का?"

"निघंल की. पुढच्या वर्षी नक्की," मी म्हणायचो. अशा मालिकांच्या कॅसेटी सहसा निघत नाहीत हे मला माहीत होतं. पण गिऱ्हाईकाला नाही म्हणायला माझी जीभच रेटायची नाही. ते मान डोलवायचे, कपाटातल्या कॅसेटींवरून एकदा नजर फिरवायचे आणि जायचे. अशी अकरा वर्षं गेली. मग कावीळ झाली आणि गहिनीनाथ गेले.

मला ते कळलं बनुबाई एकट्याच दुकानात आल्या तेव्हा.

"कॅसेट आली का?"

"मावशी, कॅसेटी बंद झाल्या. आता सीडी असते."

"मग शिडी आली का?"

मला हसू आलं. म्हटलं, "आता कशाला हवी तुम्हाला?"

त्या पायरीवर बसल्या. "घरात मालकांचा फोटू हाय," त्या म्हणाल्या. "आवाज कुठंच न्हाई."

त्या दिवशी पहिल्यांदा माझी मला लाज वाटली. ओळखीच्या वितरकाकडून मी मालिका काढणाऱ्या कंपनीचा नंबर मिळवला. तिथे राजेश्वरीबाई म्हणून एक जुन्या कर्मचारी होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं. त्या काळातले करार टीव्हीवर फक्त एकदाच दाखवायचे होते; घरी बघायला विकायचं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आता डीव्हीडी काढायची तर प्रत्येकाची नव्याने सही लागणार. निर्माते वारले, त्यांच्या मुलांचं आपसात पटत नाही. "आणि वर्षाला चार लोक विचारतात हो," त्या म्हणाल्या. "त्यातले दोन फोन तुमचेच." एवढ्यावर न थांबता मी दर वर्षी फोन करत राहिलो. डीव्हीडीही बाजारातून गेल्या. बनुबाईंना मी सांगायचो, चौकशी चालू आहे. ते तरी खोटं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी राजेश्वरीबाईंचाच फोन आला. मालिका इंटरनेटवर घालायचा विचार होता, म्हणून गोदामातल्या टेप संगणकावर उतरवून घेणं चालू होतं. निम्म्याहून जास्त टेपना बुरशी लागली होती. सहावा भाग मात्र उतरला होता.

"पण तो आम्ही बाहेर काढणार नाही," त्या म्हणाल्या. "चित्र आहे, आवाज पूर्ण गेलाय. तुमच्यासाठी पहारेकऱ्याचा तेवढा तुकडा पाठवते."

मी जामखेडची गाडी धरली आणि तिथून टेम्पोने खर्ड्याला गेलो. सुरेखाची मुलगी दिशा आजीपाशीच होती. तिने आजीच्या डोळ्यांना चष्मा लावून दिला. मी मोबाईल पुढे धरला. तटावर पस्तिशीचे गहिनीनाथ, हातात भाला. त्यांनी मान वळवली, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं.

"आवाज वाढव की," बनुबाई म्हणाल्या.

"आवाज न्हाई मावशी. गेलाय टेपमधून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दिशाकडे. "तुझ्या मोबाईलवर लावून बघ गं."

दिशाने लावून बघितलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बघितलं. गहिनीनाथ ओरडत होते, मानेवरच्या शिरा फुगल्या होत्या, आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर होती.

"काय म्हणत्यात ते मला पाठ हाय," बनुबाई म्हणाल्या. "पर कसं म्हणत्यात, तेच आठवंना झालंय. सात-आठ वर्सं झाली. सुरेखाला बी सांगितलं न्हाई मी. म्हटलं, शिडी आली की ऐकू, मग येईल ध्यानात."

दिशा आजीच्या पाठीवर हात ठेवून बसली. चहा झाला. निघताना बनुबाईंनी मला हुरड्याची पिशवी दिली आणि लांबून आलास म्हणाल्या. मालिकेबद्दल काहीच विचारलं नाही.

त्यानंतर त्या केडगावला लेकीकडे दोनदा आल्या. दुकानात आल्या नाहीत. दिशा म्हणते, तो तुकडा तिच्या मोबाईलवर आहे, पण आजी कधी मागत नाही.

यंदा राजेश्वरीबाई निवृत्त झाल्या. जाण्याआधी त्यांनी कळवलं, की मालिका बाहेर काढायचं रद्द झालं, आणि जागा हवी म्हणून गोदामातल्या टेप भंगारात दिल्या. मी हे अजून खर्ड्याला सांगितलेलं नाही.