दुधाच्या रांगेचं गाणं

विक्रोळीच्या चाळीत रोज सकाळी नळाखाली हंडा लावला की सुलक्षणा त्याच्यासोबत ‘आ’ लावायची. पाणी चढेल तसा हंड्याचा आवाज बारीक होत जायचा, आणि तिचाही. हंडा काठोकाठ भरला की ती थांबायची. मागे उभी असलेली शेवंती करवादायची, “गायचं तर रेडिओवर जा गं बाई, नळ सोड!”

रेडिओवर नाही, पण पंच्याऐंशी साली ती कॅसेटवर आली. धाकटा भाऊ जयवंत गाणी रचायचा. दोघांनी दूध केंद्रावरच्या रांगेचं गाणं बसवलं होतं. त्यात बहीणभाऊ नंबरावरून भांडायचे. ती एक ओळ टाकायची, तो उलट उत्तर द्यायचा. घाटकोपरच्या कॅसेटवाल्या भाऊरावांनी ते आणि जयवंतची आणखी काही गाणी रेकॉर्ड केली. गाणी कॅसेटच्या एका बाजूला मावेनात, तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता टेपचा वेग वाढवला. जयवंतचा जाड आवाज नुसता तरणा झाला. सव्वीस वर्षांच्या सुलक्षणाचा मात्र आठ-नऊ वर्षांच्या पोरीचा झाला.

नेमकं तेच लोकांना आवडलं. गणपतीत मांडवामांडवांतून गाणं वाजलं. “ती चिमुरडी काय झकास भांडते!” असं कुणी म्हटलं की सुलक्षणाचा चेहरा उतरायचा. “एकदा तरी माझ्या आवाजात ऐकू देत रे त्यांना,” ती जयवंतला म्हणायची.

अंधेरीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. आठ दिवस आधी भाऊरावांनी जयवंतला एकट्यालाच बोलावलं. “लोक पोरगी बघायला येणार. माझी भाची मीरा ओठ हलवेल, तुझी बहीण पडद्याआड बारीक आवाजात गाईल. नको असेल तर गाण्यातला भाऊ दुसरा शोधतो.”

जयवंत हो म्हणाला. ताईला उद्या सांगू, उद्या सांगू, म्हणत राहिला.

कार्यक्रमात नाव पुकारलं तेव्हा तो पुढे गेला. भाऊरावांनी सुलक्षणाचा दंड धरला आणि तिला पडद्यामागच्या माइकपाशी उभं केलं. दोन वेण्या घातलेली मीरा जयवंतशेजारी येऊन उभी राहिली. पडद्याच्या फटीतून ताई आपल्याकडे बघतेय हे त्याला दिसलं. त्याने मान वळवली.

पहिलं कडवं ती गायली, अगदी पोरीच्या आवाजात. निभावलं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात आवाज तुटला. मीराचे ओठ नुसतेच हलत राहिले. हॉलमध्ये खसखस पिकली.

सुलक्षणा पडदा सारून बाहेर आली, मीरासमोरचा माइक काढला आणि पुढची ओळ तिने आपल्या भरदार आवाजात फेकली.

मग मागून कुणी ओरडलं, “ए बाई, पोरीला गाऊ दे!”

उत्तराची ओळ जयवंतच्या ओठांवर होती. विंगेत भाऊराव बोट उगारून उभे होते. ढोलकी त्याच्यासाठी एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली. सुलक्षणा त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने भाऊरावांकडे पाहिलं. तिने माइक मीराच्या हातात दिला आणि ती निघून गेली.

ती भांडेल, शिव्या देईल, अशी त्याने वाट पाहिली. तिने काहीच केलं नाही. कारखान्यात पॅकिंगला जात राहिली आणि पुढच्या वैशाखात लग्न होऊन कणकवलीला गेली. तोवर एका खोलीत राहून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

जयवंतच्या मनात राहिलं ते कार्यक्रमाच्या संध्याकाळचं, मेकअपच्या खोलीतलं, नाव पुकारायच्या दहा मिनिटं आधीचं. त्याला सगळं माहीत होतं, तिला काहीच नाही. त्याच्याकडे पाठ करून ती म्हणाली होती, “जया, पदराला मागून पिन लाव रे. हात वर केला की सुटतो.”